सांगलीत राहून रॉक अल्बम काढायचा तर

पाचवा टेक मस्त चालला होता. गायक दुसऱ्या कडव्यापर्यंत न अडखळता पोचला आणि तेवढ्यात खालच्या रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर आला. मागं दोन ट्रॉल्या, टपावर स्पीकर. हेडफोनमध्ये आधी नुसती धडधड आली, मग अख्खं गाणं. टेक गेला. दहा मिनिटं थांबलो, सहावा सुरू केला, तर कारखान्याकडं जाणारा दुसरा ट्रॅक्टर हजर.

तेव्हा आम्हाला कळलं की अल्बमचं पहिलं काम माईक घेणं नसून कॅलेंडर घेऊन बसणं आहे. नोव्हेंबर ते मार्च गळीत हंगाम. एप्रिल-मे लग्नं, वराती आणि डोक्यावर गरगरणारा पंखा. जूनपासून पत्र्यावर पाऊस. ऑगस्टमध्ये कृष्णेवर लक्ष. मग गणपती, नवरात्र, दिवाळी. सांगलीत शांत महिना नाही. म्हणून प्रत्येक कामाला त्याचा महिना आणि त्याची वेळ शोधायची. ज्याला माईक लागत नाही ते काम कधीही करा. ज्याला लागतो ते रात्री अकरा ते पहाटे चार. आणि ज्याला शांतता आणि मोठी खोली दोन्ही लागतात, म्हणजे ड्रम, तेवढ्यासाठीच बाहेरगावच्या स्टुडिओला पैसे द्या. आमचा आठ गाण्यांचा अल्बम या एका वाटणीवर उभा राहिला. खाली तीच वाटणी क्रमानं सांगतो, आमच्या चुकांसकट.

गाणी आधी पक्की, मग बाकीचं

स्टुडिओत गाणं सुचेल, हा भ्रम सगळ्यात महाग पडतो. बीटल्सनी पहिल्या अल्बमची दहा गाणी ११ फेब्रुवारी १९६३ या एका दिवसात रेकॉर्ड केली, हे सगळे कौतुकानं सांगतात. त्याआधी हॅम्बुर्ग आणि लिव्हरपूलच्या क्लबांत त्यांनी किती रात्री घासल्या, ते मात्र कुणी सांगत नाही.

प्रॅक्टिसला मोबाइल मधोमध ठेवून सगळं रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. वाजवताना भारी वाटलेला दोन मिनिटांचा सोलो दुसऱ्या दिवशी चाळीस सेकंदांचा होतो. आमच्याकडं चौदा गाणी होती. त्यातली आठ ठेवली, सहा टाकली. टाकलेल्या सहांपैकी दोन माझी होती, आणि ती टाकली ते बरं झालं, हे कबूल करायला मला वर्ष लागलं.

मग प्रत्येक गाण्याचा वेग ठरवा आणि क्लिकवर, म्हणजे कानात टिकटिकणाऱ्या तालावर, वाजवायची सवय लावा. निदान तीन महिने. क्लिकवर पहिल्यांदा वाजवलं की बँडमधल्या प्रत्येकाला वाटतं, दुसराच पळतोय. खरं तर सगळेच पळत असतात, आणि कोरस आला की जास्तच. तीन महिन्यांनी क्लिक ऐकू येईनाशी होते. मग समजायचं, जमलं. एखाद्या गाण्यात कोरसला दोन बीपीएम (मिनिटाला दोन ठोके) वाढवायचे असतील तर तेही आधीच ठरवून लिहून ठेवा.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक गोष्ट, जी आम्हाला कुणीच सांगितली नव्हती. रॉकच्या कोरसमध्ये शेवटचा सूर ताणायचा असतो, आणि आपले निम्मे शब्द व्यंजनावर बंद होतात. वाट, घर, पाऊस, रस्त्यात. ‘वाट’वर चार मात्रा थांबायचं म्हटलं की ते ‘वाटऽऽ’ असं भजनाच्या वळणावर जातं. हवं असेल तर ठीकच आहे, आम्ही एका गाण्यात मुद्दाम तसं ठेवलं. नको असेल तर ओळीचा शेवट आ, ए, ओवर आणा. ‘चुकली वाट’ऐवजी ‘वाट चुकली रे’. ‘रे’वर हवं तेवढं ओरडता येतं. दुसरं, आपल्या बोलीला घाबरू नका. ‘काय करालायस’ असं घरी म्हणणारा पोरगा माईकसमोर ‘काय करतो आहेस’ गायला लागला की ऐकणाऱ्याला लगेच कळतं, कुणीतरी इस्त्रीचे कपडे घातलेत.

मैत्री आहे तोवर कागद करा

हे सगळ्यांना नको असतं. स्टुडिओची तारीख घ्यायच्या आधी, चहाच्या टेबलावर, प्रत्येक गाण्याखाली लिहा: शब्द कुणाचे, चाल कुणाची, किती टक्के कुणाचे. सगळ्यांच्या सह्या. आमच्यात रिफ, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा, वाजवणारा म्हणत होता की अर्धं गाणं माझं, आणि शब्द लिहिणाऱ्याला रिफ म्हणजे काय हेच मान्य नव्हतं. अडीच तास वाद झाला. तो अल्बम गाजल्यावर झाला असता तर बँड फुटला असता.

कायद्याचं थोडक्यात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शब्द, संगीत आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे आहेत. ध्वनिमुद्रणाचा हक्क सर्वसाधारणपणे ‘निर्माता’ या नात्यानं त्याचा, ज्यानं पुढाकार आणि जबाबदारी घेतली. त्यामुळं कुणाचे काका निम्मे पैसे देणार असतील तर ती मदत आहे, उधारी आहे की भागीदारी, हे लिहून घ्या. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर करार लेखीच लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला आपला समान वाटा सहसा सोडून देता येत नाही. वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो, तेवढाच. म्हणून कुणी एकरकमी पैशात ‘सगळे हक्क कायमचे’ मागितले, तर आधी वकिलाला दाखवा.

जुन्या गाण्याचं कव्हर अल्बममध्ये घ्यायचा मोह आवरा. मूळ ध्वनिमुद्रण ज्या वर्षी झालं ते वर्ष संपल्यावर पाच वर्षं जावी लागतात, आधी सूचना द्यावी लागते आणि किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरावी लागते. आपल्या आठ गाण्यांत ते बसत नाही.

पैसे

पाच जणांनी महिन्याला दोन-दोन हजार, चौदा महिने. एक लाख चाळीस हजार झाले. त्यातले चाळीस हजार ड्रमच्या दोन दिवसांना गेले, अठ्ठेचाळीस मिक्सला (सगळे ट्रॅक एकत्र जमवणं), बारा मास्टरिंगला (त्यावरचा शेवटचा हात), आठ कव्हरच्या चित्राला, सतरा गिटारच्या तारा, ड्रमची कातडी, प्रवास आणि जेवणात. उरलेले पंधरा हजार अल्बम बाहेर आल्यानंतरच्या कामासाठी बाजूला काढले होते. त्या पंधरा हजारांना दोनदा हात लागता लागता राहिला. लागू देऊ नका. का ते पुढं कळेल.

ड्रम

स्टुडिओ पुण्यात घ्या, कोल्हापुरात घ्या, पण आधी जाऊन रिकाम्या खोलीत टाळी वाजवून या. टाळीनंतर खणखण उरत असेल तर स्नेअर ड्रमलाही उरेल.

नवी कातडी आदल्या दिवशी चढवून ताणून ठेवा, म्हणजे ती बसतात. ऐन दिवशी चढवली तर प्रत्येक टेकनंतर सूर उतरतो. दोन दिवसांपैकी पहिल्या दिवसाचा अर्धा भाग माईक लावण्यातच जातो, याची मानसिक तयारी ठेवा. आम्ही ठेवली नव्हती. साडेअकरा वाजता ड्रमर म्हणाला, “भावा, आपण पैसे बघत बसायला दिले का वाजवायला?” पण त्याच वेळी इंजिनिअरनं एका ओव्हरहेडची, म्हणजे ड्रमच्या वर टांगलेल्या माईकची, पोलॅरिटी (लाटेची दिशा) उलटी करून दाखवली, आणि मघापासून खोक्यासारखी वाजणारी किक (पायानं वाजणारा मोठा ड्रम) एकदम पोटात आली. दोन माईकांपर्यंत एकच ठोका वेगवेगळ्या वेळी पोचतो, त्यामुळं लाटा एकमेकींना खातात. हे नंतर मिक्समध्ये दरवेळी पूर्ण नीट होत नाही. तेव्हाच कान लावून बघायचं.

गाणी सूचीप्रमाणं वाजवायची गरज नाही. सगळ्यात सोपं आधी, सगळ्यात दमवणारं दुसऱ्या दिवशी सकाळी. गिटार आणि गायन नुसतं आधाराला घ्या, ते नंतर काढायचंच आहे. निघताना सगळ्या कच्च्या फाइल घ्या: वेव्ह, २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झ, प्रत्येक फाइल गाण्याच्या शून्यापासून सुरू झालेली. एमपी-थ्री घेऊन येऊ नका. आमच्या ओळखीतला एक बँड पेन ड्राइव्हवर फक्त स्टिरिओ मिक्स घेऊन आला होता, आणि स्टुडिओतली डिस्क पुढच्या महिन्यात पुसली गेली.

सांगलीतलं काम: गिटार, बेस, तानपुरा

इथून पुढं वेळ आपली. दोन चॅनेलचा साधा ऑडिओ इंटरफेस (वाद्य किंवा माईक लॅपटॉपला जोडणारी पेटी) पुरतो. गिटार-बेस थेट त्याच्या इन्स्ट्रुमेंट इनपुटला लावा, मधे माईक नाही. यालाच डीआय म्हणतात. ट्रॅक्टर येवो की वरात, त्याला ऐकू जात नाही. आवाजाचं रूप नंतर ॲम्प सिम्युलेटरमधून (ॲम्पची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) देता येतं, किंवा तोच कोरडा ट्रॅक खऱ्या ॲम्पमधून वाजवून एखाद्या शांत रात्री माईकनं घेता येतो. वाजवताना विलंब जाणवला तर सॉफ्टवेअरमधला बफर १२८ किंवा ६४ वर आणा, मिक्सच्या वेळी परत वाढवा. पातळी लाल दिव्याजवळ नेऊ नका. सरासरी उणे १८ डेसिबलच्या आसपास राहिली तरी २४ बिटमध्ये काही बिघडत नाही.

डाव्या-उजव्या बाजूला दोन गिटारी हव्या असतील तर दोनदा वाजवा. एकच ट्रॅक कॉपी करून दोन्हीकडं टाकला की रुंदी येत नाही, नुसता आवाज वाढतो. दोनदा वाजवताना जो केसभर फरक पडतो, तीच रुंदी.

गुरगुर येत असेल तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. निम्म्या वेळा तेवढ्यानं जाते. मग खोलीतली ट्यूबलाइट आणि रेग्युलेटरचा पंखा बंद करा, गिटार हातात धरून गोल फिरा, एका कोनात ती कमी होते. लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर रेकॉर्डिंग करू नका, स्वस्तातल्या इन्व्हर्टरची वीज गिटारमध्ये स्पष्ट ऐकू येते. आणि कुणी सांगितलं तरी प्लगची अर्थिंगची पिन तोडू नका. गुरगुर जाते, कधी कधी माणूसही जातो.

बारावा फ्रेट आणि मोकळी तार एक सप्तकानं नेमकी जुळत नसेल तर आठ गाणी बेसूर होणार. आम्ही गिटार मिरजेला एका तंतुवाद्य कारागिराकडं नेली. गिटार आपलं काम नाही असं ते आधीच म्हणाले, पण मग त्यांनी ती कानाला लावली, ब्रिजवर नख मारलं आणि म्हणाले, “हिची जवारीच बसलेली नाही.” सतारीची घोडी घासून, तानपुऱ्याच्या घोडीवर दोरा घालून, तारेचा झंकार बसवण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला गिटारच्या सॅडलचा (तारा टेकतात तो भाग) अर्धा मिलिमीटर म्हणजे काय मोठं. वीस मिनिटांत झालं. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्या बातम्या झाल्या. पण सांगलीतल्या किती गिटारवाल्यांनी त्या गल्लीत पाऊल टाकलंय, हा प्रश्नच आहे.

तिथंच तानपुरा ऐकला आणि शेवटच्या गाण्याखाली घ्यायचा ठरवला. दोन सूचना. तानपुऱ्याचा माईक भोपळ्याशी न लावता ब्रिजपासून हातभर दूर, थोडा वरून लावा, झंकार तिथं आहे. आणि गाणं कोणत्या पट्टीत आहे हे कारागिराला आधी सांगा. आम्ही गिटार अर्धा सूर उतरवलेली होती, ते सांगायला विसरलो, आणि पहिला तास तारा जुळवण्यातच गेला.

गळा आणि हळदीचं गोदाम

अंड्यांचे ट्रे भिंतीला लावू नका. बाहेरचा आवाज अडवायला वजन लागतं, पुठ्ठ्याला ते नाही. ते वरच्या पट्टीचा आवाज थोडा विखरतात, आग मात्र झटकन धरतात. घरच्या खोलीत खरा इलाज म्हणजे कापसाच्या गाद्या, आणि त्या गायकाच्या पाठीमागं. माईक समोरचं ऐकतो. त्याच्या समोर गायक असतो आणि गायकाच्या मागची भिंत. लोक गादी माईकच्या पाठीला लावतात, जिकडं माईक बहिराच असतो.

आमची खोली मात्र गाद्यांनीही सुधारेना. मग बेसिस्टचे वडील म्हणाले, मार्केट यार्डातलं आमचं गोदाम बघा. मार्चअखेर होती, हळदीचा हंगाम, पोती छतापर्यंत. दोन थप्प्यांमधल्या बोळात उभं राहून टाळी वाजवली. टाळी हातातच मेली. तागाचं पोतं, आत हळकुंडं, मधे हवा, आणि टनांनी वजन. एवढं कोरडं आणि शांत ठिकाण मी कुठं पाहिलेलं नाही. रात्री अकरानंतर तिथं सहा गाणी गायली.

पहिल्याच रात्री गायक चार वेळा शिंकला. हळदीची धूळ घशात जाते, माईकवर बसते, इंटरफेसच्या फटीत शिरते. दुसऱ्या रात्री पायाखाली ओली तरटं टाकली, माईक टेकमधल्या वेळात पिशवीत झाकला, लॅपटॉप गाडीत ठेवून लांब केबल आत ओढली. अल्बममध्ये तिसऱ्या गाण्याच्या सुरुवातीला एक शिंक आहे. ती राहू दिली.

गाताना मराठीचे महाप्राण सांभाळा. भ, फ, ध, ठ माईकवर वारा सोडतात, आणि आपल्याकडं ‘भिंत’, ‘फाटका’, ‘धूर’ हे रॉकचे लाडके शब्द. पॉप फिल्टर लावा, तोंड वीतभर दूर, आणि माईक तोंडासमोर न धरता थोडा तिरका. प्रत्येक गाण्याचे तीन पूर्ण टेक घ्या, मग त्यातून ओळी निवडा. एकेक ओळ शंभरदा गाऊन जोडली तर गाणं बरोबर येतं, पण माणूस दिसत नाही.

मिक्स

मिक्स स्वतः करू नका. एवढं महिनोन्‌महिने ऐकल्यावर कान विकला गेलेला असतो. बाहेरच्या माणसाला द्या, आणि किती वेळा दुरुस्त्या मिळतील हे आधी ठरवा. आमचं तीनवर ठरलं होतं. सूचना एकानंच पाठवायच्या, वेळेसकट. “२:१४ ला स्नेअर खाली” हे कळतं. “जरा फील येईना” हे पाच जणांनी पाच वेळा रात्री एकला पाठवलं की इंजिनिअर फोन उचलत नाही, आणि त्याचं बरोबर आहे.

मिक्स आला की चांगल्या हेडफोनवर एकदाच ऐका. मग मोबाइलच्या स्पीकरवर. मग वडापच्या, म्हणजे शेअर जीपमध्ये. खरंच सांगतो, सांगली-तासगाव रस्त्यावर, दहा माणसं आत, खिडक्या उघड्या, ड्रायव्हरला म्हटलं, “मामा, एवढं एक गाणं लावता का?” पहिल्या मिक्समध्ये बेस पूर्ण गायब होता. कारण तो नुसता खालच्या पट्टीत होता, आणि असल्या स्पीकरला ती पट्टीच नसते. ७०० ते १००० हर्ट्‌झच्या आसपास थोडा वाढवला, किंचित खरखर दिली, आणि परतीच्या जीपमध्ये तो ऐकू आला. मामांचं मत मात्र होतं की गाणं लवकर सुरू होत नाही. आम्ही इंट्रो सोळा मात्रांनी कापला.

मास्टरिंगला पाठवताना मिक्सच्या माथ्यावर तीन-चार डेसिबल जागा ठेवा. स्पॉटिफाय सगळ्यांचा आवाज उणे १४ एलयूएफएसच्या (गाण्याचा सरासरी मोठेपणा मोजायचं माप) आसपास आणून ठेवतं. जास्त दाबून मोठं केलेलं गाणं तिथं नुसतं खाली ओढलं जातं, आणि दाबल्यामुळं मेलेले ठोके तसेच राहतात.

बाहेर काढणं

डिस्ट्रिब्युटर, म्हणजे गाणी स्पॉटिफायसारख्या ॲपवर पोचवणारा, निवडला की आयएसआरसी क्रमांक बहुधा तोच देतो. प्रत्येक ध्वनिमुद्रणाची ओळख म्हणून एक, अक्षरं-अंक मिळून बारा. तो वहीत लिहून ठेवा. कव्हर चौकोनी, ३००० बाय ३००० पिक्सेल. बँडच्या नावाचं रोमन स्पेलिंग एकदाच ठरवा आणि सगळीकडं तेच ठेवा. आमचं तीन प्रकारे गेलं आणि तीन वेगळे कलाकार तयार झाले, प्रत्येकाला अकरा-अकरा श्रोते.

तारीख निदान महिनाभर पुढची घ्या. स्पॉटिफायच्या संपादकांना गाणं सुचवायचं तर ते प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी लागतं, आणि सुचवता येतं एकच. गीतकार-संगीतकारांनी आयपीआरएसचं (त्यांची रॉयल्टी गोळा करणारी कॉपीराइट सोसायटी) सदस्यत्व घेऊन गाणी नोंदवावीत. ते काम कंटाळवाणं आहे, एका रविवारी बसून संपवा.

पैसे देऊन स्ट्रीम वाढवून देतो म्हणणारे मेसेज येतील. ब्लॉक करा. खोट्या स्ट्रीम पकडल्या गेल्या की गाणंच उतरवलं जाऊ शकतं.

ऐकणारे

आता ते पंधरा हजार. सांगली नाट्यपंढरी, त्यामुळं पहिला विचार मोठ्या नाट्यगृहाचा येतो. सातशे खुर्च्यांत शंभर माणसं म्हणजे अंत्ययात्रा. शंभर खुर्च्यांच्या हॉलमध्ये तीच शंभर माणसं म्हणजे हाऊसफुल्ल. छोटा हॉल, पोलीस ठाण्याची ध्वनिक्षेपकाची परवानगी, रात्री दहाच्या आत समाप्ती. आम्ही साडेसहाला सुरू केलं, अल्बम सलग वाजवला, मधे भाषण नाही. जाताना प्रत्येकाला भडंगाची पुडी, पुडीवर क्यूआर कोड. पत्रकं लोक खुर्चीवर टाकून गेले असते. भडंग घरी गेलं.

प्रतिक्रिया कशा येतात तेही सांगतो. नातेवाईक: “आवाज फार होता, पण छान.” कॉलेजातली मुलं: काहीच नाही, पण पुढच्या आठवड्यात कुणाच्या तरी स्टेटसला चौथं गाणं. एका लिहिणाऱ्यानं सविस्तर लिहिलं की सगळी गाणी एकाच वेगाची वाटतात. आम्ही चिडलो, मग बीपीएमची यादी काढली. आठपैकी पाच गाणी ११८ ते १२४ च्या मधली. त्याला आभाराचा मेसेज पाठवला.

आकडे बघायचे तर एकूण स्ट्रीम बघू नका. ऐकलेल्यांपैकी किती जणांनी गाणं जपून ठेवलं, ते बघा. तीस सेकंदांच्या आत सोडलेलं ऐकणं स्पॉटिफाय मोजतच नाही, आणि २०२४ पासून वर्षभरात हजार स्ट्रीम न झालेल्या गाण्याला तिथून पैसेही मिळत नाहीत. आमची आठपैकी तीन गाणी हजाराच्या वर गेली. मिळालेली रक्कम गिटारच्या तारांच्या एका सेटपेक्षा थोडी जास्त होती.

पण शहरांची यादी बघून आम्ही थक्क झालो. पहिलं पुणं, दुसरं मुंबई, सांगली तिसरी. आधी वाटलं, पुण्यात नाव झालं. मग मेसेज वाचले: कुणी सांगलीच्या वालचंद कॉलेजचा, कुणी विलिंग्डन कॉलेजचा, कुणी विश्रामबागचा, नोकरीला हिंजवडीत. आपलेच लोक होते, फक्त राहायला तिकडं. म्हणून दुसरा कार्यक्रम पुण्यात लावला, तोही शुक्रवारी सोडून रविवारी, कारण शुक्रवारी रात्री ही मंडळी सांगलीच्या गाडीत असतात. उरलेले साडेसहा हजार त्यात गेले आणि तिकिटांतून परतही आले.

डिस्क

सगळं झाल्यावर प्रत्येक गाण्याचे कच्चे ट्रॅक, मिक्सचे वेगवेगळे गट, गायनाशिवायचा मिक्स, मास्टर, कव्हरची मूळ फाइल, सह्यांच्या कागदांचे फोटो, हे सगळं दोन हार्ड डिस्कवर ठेवा. दोन्ही एका घरात ठेवू नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट असताना पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, आणि आमच्या ड्रमरच्या तळमजल्यावर जुन्या बँडची सगळी रेकॉर्डिंग होती. आता एक डिस्क माझ्याकडं दुसऱ्या मजल्यावर आहे, दुसरी विट्याला आत्याच्या कपाटात, साड्यांच्या खाली. दिवाळीला गेलो की लावून बघतो, चालते का.